रात्री कूस कोण बदलतं?

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि पुण्यात तिच्यासाठी जागा शोधायला लागलो. जाऊ तिथे पहिला प्रश्न तोच: "त्यांचं त्या स्वतः करतात ना?" बऱ्याच वृद्धाश्रमांत हिंडत्याफिरत्या माणसांनाच प्रवेश असतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शुश्रूषा केंद्र बघावं लागतं. हा फरक आधी कळला की निम्मी वणवण वाचते.

माहितीपत्रकात बाग असते, देऊळ असतं. मी मात्र एका केंद्रात दुपारी खाटेशेजारी उभा राहिलो. मावशी आल्या. हात लावण्याआधी म्हणाल्या, "आजोबा, आता खिडकीकडे वळू या हं." मग त्यांचा गुडघा दुमडला, एक हात खांद्यामागे, दुसरा कमरेमागे घालून त्यांना अलगद वळवलं. पाठीशी उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. माकडहाडाजवळची आणि टाचांची कातडी लाल तर नाही ना, ते निरखलं आणि वहीत वेळ लिहिली. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर बेडसोर होतात. आणि कातडीला काही रात्रीची सुट्टी नसते. म्हणून ती वही मागून घ्यावी आणि पहाटे दोन-तीनच्या नोंदी बघाव्यात. माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा तिथेच होते.

पैशाचं सगळं लेखी घ्यावं: डायपर, औषधं, फिजिओथेरपी महिन्याच्या शुल्कात धरलीय की वेगळी, डिपॉझिट परत कधी मिळणार, रुग्णालयात हलवावं लागलं तर सोबत कोण जाणार.

आत्याला मूलबाळ नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार अशा व्यक्तीच्या निर्वाहाची जबाबदारी तिची मालमत्ता ज्यांच्या ताब्यात आहे किंवा ज्यांना पुढे मिळणार आहे, त्या ऐपत असलेल्या सज्ञान नातेवाइकांवर येते. भाचरांनी हे माहीत करून घ्यायला हवं.

शेवटच्या दोन जागा आत्याला व्हीलचेअरवरून नेऊन दाखवल्या. तिने एवढंच विचारलं, "पहाटे साडेपाचला चहा मिळेल का?" एकीकडे नियम ऐकवले. दुसरीकडे स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या, "मी पाचलाच उठते, देईन की." आत्याने तिथेच राहायचं ठरवलं.

जागा पक्की करण्याआधी, आगाऊ कळवून का होईना, रात्री नऊनंतर एकदा तिथे जाऊन या. नातेवाइकांना त्या वेळी आत येऊच देत नसतील, तर दुसरी जागा बघा.