लेकरू या हातातून त्या हातात देताना

वाचकहो, आपल्यात म्हण आहे : दोन घरचा पाहुणा उपाशी. या घराला वाटतं, तो त्या घरी जेवला असेल. त्या घराला वाटतं, तो जेवूनच आला असेल. वाईट कोणाच्याच मनात नसतं. पण पाहुणा उपाशी राहतो.

इस्पितळातही असंच होतं. आजारी मूल एकाच माणसाच्या हाती नसतं. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे. भूल देणारे वेगळे. रात्री जागणाऱ्या नर्सबाई वेगळ्या. एकाने दुसऱ्याला सांगायचं राहिलं, तर जिवावर बेततं ते लेकराच्या. त्याचं औषध त्याच्या वजनावर ठरतं. थोडं कमीजास्तही त्याला सोसत नाही. आणि तान्हं मूल तोंडाने काही सांगू शकत नाही.

यावर लंडन शहरात एक उपाय शोधला गेला. तो कसा, ते पाहा.

लंडनला मुलांचं एक मोठं इस्पितळ आहे. त्याचं नाव ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट. ते १८५२ साली अवघ्या १० खाटांवर सुरू झालं. तिथे तान्ह्या मुलांच्या हृदयाचंही ऑपरेशन करतात. ऑपरेशन झालं की मुलाला दुसऱ्या खोलीत नेतात. त्या खोलीत अगदी नाजूक रोग्यांवर रात्रंदिवस लक्ष ठेवतात. नेताना साऱ्या नळ्या आणि तारा एका यंत्रावरून काढून दुसऱ्या यंत्राला जोडायच्या असतात. पूर्वी त्याच वेळी मुलाची हकीकतही सांगत. हात कामात गुंतलेले, मग कान कुठून जागे राहणार? काहीतरी ऐकायचं राहून जाई.

तिथले दोन डॉक्टर, मार्टिन एलियट आणि ॲलन गोल्डमन, एकदा मोटारींची शर्यत पाहत होते. शर्यतीत गाडी मध्येच थांबते. काही सेकंदांत तिची चाकं बदलतात. प्रत्येकाला एकच काम नेमून दिलेलं. गाडी केव्हा सोडायची, हे एकजणच ठरवतो. आरडाओरडा नाही, गोंधळ नाही. डॉक्टरांना वाटलं, आपलंही काम असंच व्हायला हवं. त्यांनी इटली देशातल्या फेरारी कंपनीच्या शर्यतवाल्यांची मदत घेतली.

मग कामाचा क्रम ठरला.

पहिलं काम : नळ्या आणि यंत्रं जोडणं.
दुसरं काम : हकीकत सांगणं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. काही सुटू नये म्हणून यादी ठेवायची.
तिसरं काम : शंका विचारणं आणि पुढे काय करायचं ते ठरवणं.

प्रमुख कोण, हेही आधीच ठरलं.

२००७ साली याचा हिशेब छापून आला. पूर्वी एका मुलामागे यंत्रांच्या जोडणीत सरासरी ५ च्या वर चुका होत. त्या ३ च्या आसपास आल्या. सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी निम्म्यावर आल्या. वेळही वाढला नाही, उलट थोडा वाचला. आणि यासाठी काही महागडं यंत्र आणावं लागलं नाही!

यातून काय शिकायचं? माणसं चांगली असूनही चूक होते. म्हणून नुसता चांगुलपणा पुरत नाही, कामाला क्रम लागतो.

आता आपलं काम. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात मूल न्यायचं झालं, तर चार गोष्टी कागदावर लिहून जवळ ठेवा.

१. मुलाचं वजन.
२. कोणतं औषध दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं.
३. कोणतं औषध मुलाला सोसत नाही.
४. आजार केव्हा आणि कसा सुरू झाला.

जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. माणूस बदलला की हा कागद पुन्हा दाखवा. औषध देताना, 'बाई, हे कशाचं?' असं खुशाल विचारा. विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. हा कागद आजच घरी लिहून ठेवा.