बैलाचं की हाताचं?

ऋषिपंचमीच्या दिवशी आई भरल्या पानावरून उठली. वडील गेल्यावर रत्नागिरीकडचे घर बंद करून तिला पुण्याला आणले, त्याला तेव्हा उणेपुरे दोन महिने झाले होते. मी मंडईतून अळू, माठ, पडवळ, दोडका, लाल भोपळा असे सगळे साग्रसंगीत आणले होते आणि हिने भाजीही झकास केली होती. आईने एवढेच विचारले, "काय रे, हे बैलाचं की हाताचं?" या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा नेम मला ठाऊक होता, पण मंडईतल्या पडवळाची वंशावळ कोण विचारतो? मी गप्प राहिलो. तिने दोन केळी खाल्ली आणि संध्याकाळी म्हणाली, "मला आपली घरी सोड. तिथं परसात सगळं आहे."

आमच्या घरामागे बारा फूट लांब, आठ फूट रुंद अशी जागा मोडकी सायकल आणि विटा सांभाळत पडून होती. मराठी शिकविणाऱ्या माणसाचा मातीशी संबंध म्हणींपुरताच! तरी दुसऱ्या दिवशी मी कुदळ आणली.

थंड मुलखात बर्फ पडले की बागेला कुलूप लागते. आपल्याकडे तसे कुलूप नाही, म्हणून माझ्यासारख्याला वाटते की काहीही केव्हाही पेरावे. मी थंडीत भेंडी पेरली, ती उगवायलाच तयार होईना. मार्चमध्ये टोमॅटोची रोपे लावली. एप्रिलच्या तापात फुले आली तशी गळाली. कोथिंबिरीने चार पाने दाखविली न दाखविली तोच तुरा काढला. आई पायरीवर बसून पाहत होती. शेवटी तिला राहवेना. "पानात काय वाढायचं ते आधी ठरव," ती म्हणाली, "आणि तिथून उलटं मोज."

हे उलटे मोजणे वाचकांनीही करून पाहावे. ऋषीची भाजी म्हणजे पावसाळ्याची यादीच आहे. भाद्रपदात पडवळ, दोडका, भोपळा हवा, तर बी मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर मातीत जायला हवे आणि मांडव त्याआधी उभा हवा. भोगीची भाजी ही हिवाळ्याची यादी : वांगी, पावटा, गाजर, वाटाणा. गाजराला तीन महिने लागतात. म्हणजे १३ जानेवारीच्या आसपास येणाऱ्या भोगीसाठी ते ऑक्टोबरच्या मध्याला पेरलेले बरे. फराळाच्या गडबडीत राहून गेले, तर गाजर मंडईतून आणावे लागेल. मेथीला मात्र महिना पुरतो. धणे पेरताना रगडून दोन फाका कराव्यात. अख्खा धणा उगाच खोळंबतो.

पुढच्या ऋषिपंचमीला आईने काही विचारले नाही. भाजी मात्र दोनदा मागून घेतली.

राहता राहिला उन्हाळा. त्याच्या नावाने सणाची अशी भाजी मला काही आठवेना आणि पाणीही दिवसाआड. पहिल्या उन्हाळ्यात वाफ्याच्या भेगा पाहून आईने पुन्हा गावाचा विषय काढला होता. दुसऱ्या वर्षी मात्र महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही गवार, चवळी, भेंडी आणि माठ पेरला, वाफ्यावर पालापाचोळा अंथरला, तांदूळ धुतल्याचे पाणीदेखील नळावरच्या पाहुण्यासारखे जपले. आणि आईच्या सांगण्यावरून एक कोरे मडके गळ्यापर्यंत पुरले. त्यात दोन-तीन दिवसांनी पाणी भरून वर झाकण ठेवायचे. मडके पाझरते आणि भोवतीची मुळे आपल्याला हवे तेवढे पितात. त्या मडक्याभोवती दुधी लावला.

दुधी फोफावला, पण बोटाएवढी फळे पिवळी पडून गळू लागली. मला खताची शंका. आईला शहरातल्या किड्यामुंग्यांची. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. ज्या फुलाच्या देठाशी इवलासा दुधी असतो ती मादी, नुसत्या लांब देठाचा नर. नराचे फूल तोडून, पाकळ्या काढून, मादीच्या फुलात अलगद टेकवायचे. तेव्हापासून दिवेलागणीला मी विजेरी घेऊन परसात दिसतो. शेजारच्या मुलांना याची फार गंमत वाटते. वाटू दे. त्या उन्हाळ्यात नऊ दुधी निघाले.

यंदा मे महिन्यात आई हौसेने गावी गेली. पंधरा दिवसांचा बेत होता. सहाव्या दिवशी रिक्षा दाराशी थांबली. पदराच्या गाठीत पडवळाचे बी होते. पायांवर पाणीही न घेता ती थेट मागे गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे, जून झाली की रे सगळी गवार! एक दिवसाआड तोडायला सांगितलं होतं ना तुला?"