जुन्या संगणकास मानवणाऱ्या रॅमची निवड

तळेगाव दाभाडे व मावळच्या परिसरात शेतीव्यवसायाच्या पुष्कळशा नोंदी आता संगणकावर ठेवल्या जातात. गुलाब उत्पादकांच्या हरितगृहांत फुलांच्या खोक्यांची बिले, तर विविध कार्यकारी सोसायट्यांत सभासदांच्या पीककर्जाचे हिशेब संगणकावरच होतात. यांपैकी कित्येक संगणक दहा-बारा वर्षांचे जुने आहेत. १४ फेब्रुवारीच्या मागणीसाठी गुलाब पाठविण्याची घाई असता, किंवा खरिपाच्या तोंडावर कर्जवाटप चालू असता संगणक अडून बसला, तर नुकसान प्रत्यक्ष पैशाचे होते. अशा वेळी नवा संगणक घेण्यापूर्वी रॅम वाढवून काम भागते काय, हे पाहणे हितावह ठरते. मात्र न मानवणारी रॅम घेतल्यास तो खर्च व्यर्थ जातो.

रॅमचे कार्य

संगणकातील हार्ड डिस्क ही कणगीसारखी असून रॅम ही खळ्यासारखी आहे. माल कणगीत साठतो. परंतु काम खळ्यावर चालते. खळे लहान असेल, तर भाताचे भारे उडवीपासून थोडेथोडे आणावे लागतात व वेळ मोडतो. रॅम अपुरी पडल्यास संगणकाचेही तसेच होते.

प्रथम निदान करावे

माती परीक्षणावाचून खताची मात्रा ठरवू नये, त्याचप्रमाणे निदानावाचून रॅम घेऊ नये. नेहमीची सर्व कामे उघडी ठेवून 'टास्क मॅनेजर'मधील 'परफॉर्मन्स' हा भाग पाहावा. मेमरी जवळजवळ भरलेली दिसल्यास रॅम वाढविण्याचा उपयोग होईल. मेमरी मोकळी असून डिस्क सतत १०० टक्के व्यग्र दिसत असेल, तर दोष अन्यत्र आहे. तेथे जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे अधिक लाभदायक होय.

पिढी जुळली पाहिजे

गुलाबाचा डोळा भरताना खुंट व डोळा यांचा मेळ पाहावा लागतो, हे आपण जाणताच. रॅमचेही तसेच आहे. डीडीआर३ ही पिढी २००७ पासून व डीडीआर४ ही २०१४ पासून प्रचारात आली. डीडीआर२ व डीडीआर३ या दोन्हींच्या पट्टीस २४० पिनाच असतात. तथापि खाच निराळ्या जागी असते व विद्युतदाबही अनुक्रमे १.८ व १.५ व्होल्ट असा भिन्न असतो. डीडीआर४ च्या पट्टीस २८८ पिना असून तिला १.२ व्होल्ट लागतात. म्हणून एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागी चालत नाही, व ती जोराने दाबून बसविण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

पिढी ओळखण्यासाठी मूळ पट्टीवरील चिठ्ठी वाचावी. 'पीसी२' म्हणजे डीडीआर२, 'पीसी३' म्हणजे डीडीआर३ व 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. लॅपटॉपची पट्टी आखूड असल्याने ती डेस्कटॉपमध्ये बसत नाही. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' जातीची पट्टी जुन्या बाजारात स्वस्त मिळते. परंतु सामान्य डेस्कटॉपमध्ये ती चालत नाही.

मदरबोर्डची मर्यादा

मदरबोर्डवर छापलेले नाव टिपून घ्यावे व उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत कमाल रॅम किती, ते पाहावे. इंटेलच्या एच६१ संचाच्या मदरबोर्डवर सामान्यतः दोन स्लॉट व १६ जीबीची मर्यादा असते. त्याहून जुन्या जी४१ संचाची मर्यादा ८ जीबी आहे. जी४१ मध्ये डीडीआर३ ची ४ जीबीची पट्टी घेताना तिच्यावर १६ चिपा असल्याची खात्री करावी. ८ चिपांची पट्टी तेथे चालत नाही.

विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपलीकडील रॅमचा सहसा उपयोग होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वेग व जोडी

असमान चालीचे बैल जुंपल्यास नांगर मंद बैलाच्या चालीने चालतो. तद्वत १३३३ व १६०० वेगाच्या पट्ट्या एकत्र बसविल्यास दोन्ही १३३३ नेच चालतात. शक्यतो सारख्या क्षमतेच्या व वेगाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. विक्रेत्याकडून बदलून देण्याची हमी पावतीवर लिहून घ्यावी.

बसविताना घ्यावयाची दक्षता

१. सर्व हिशेबांची प्रत प्रथम वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.
२. संगणक बंद करून विजेची पिन काढावी व हाताने पेटीच्या धातूस स्पर्श करावा.
३. खाच जुळवून, कड्या लागेपर्यंत पट्टी सरळ दाबावी.
४. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवून तपासणी करावी. सदोष रॅममुळे हिशेबात बिघाड होऊ शकतो.

खर्चाची सीमा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, विंडोज ११ साठी लागणारी अर्हता बहुतेक डीडीआर३ संगणकांत नाही. रॅम वाढविल्याने ही उणीव भरून निघत नाही. म्हणून बिले व नोंदी यांपुरत्या संगणकावर अल्प खर्च करणे योग्य. परंतु ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, तो संगणक बदलण्याचीच तरतूद करावी. हे सर्व काम हंगामापूर्वी, सवडीच्या दिवसांत उरकून घ्यावे, म्हणजे ऐन घाईत खोळंबा होणार नाही.