दुःखाला गोष्टीचे रूप देणारे कंट्री संगीत

गायक जॉर्ज जोन्स याला १९८० साली आपल्याच एका गाण्याच्या यशाची मुळीच खात्री नव्हती. इतके उदास गाणे कोणी विकत घेणार नाही, असे त्याचे मत होते. प्रत्यक्षात 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे गाणे अमेरिकेतील कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कंट्री म्युझिक असोसिएशनने १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षे त्याला सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार दिला. श्रोत्यांना या दुःखात असे काय गवसले?

याचे उत्तर गाण्याच्या रचनेत आहे. मरेपर्यंत प्रेम करीन, असे वचन एका पुरुषाने दिलेले असते. ती निघून जाते. तो तिची जुनी पत्रे जपत वर्षे काढतो. शीर्षक ऐकून वाटते, की अखेर तो तिला विसरला. प्रत्यक्षात त्याचे प्रेम थांबते ते त्याच्या मृत्यूने. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या गीतकारांनी हा उलगडा लांबवला आहे. त्यामुळे ऐकणारा नकळत गोष्टीत ओढला जातो आणि अखेरीस एका साध्या वाक्याचा अर्थच पालटतो.

या परंपरेची मुळे जुनी आहेत. ब्रिटिश बेटांतून आलेल्या स्थलांतरितांनी खून, विरह आणि अपघातांची कथागीते अ‍ॅपलाचियन डोंगरांत आणली. १९२७ साली टेनेसीतील ब्रिस्टल येथे झालेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स पुढे आले. रेल्वेत नोकरी केलेल्या रॉजर्सला क्षयाने ग्रासले होते. १९३१ साली त्याने त्या आजारावरच गाणे ध्वनिमुद्रित केले आणि १९३३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, त्याच आजाराने त्याचा मृत्यू झाला. हँक विल्यम्सच्या १९४९ मधील 'आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय' या गाण्यात फारशी घटना नाही. रात्रीचा पक्षी आणि आगगाडीची शिटी एवढ्यावरच त्याने एकाकीपण उभे केले. १९५३ च्या पहिल्याच दिवशी तो गेला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

या गाण्यांची भाषा रोजच्या बोलण्यातली, चाल साधी, स्वर मोजके. शब्द स्पष्ट ऐकू यावेत, म्हणून वाद्ये मागे राहतात. स्टील गिटारचा लांबत जाणारा सूर तेवढा हुंदक्यासारखा भासतो. शेतमजूर, ट्रकचालक किंवा गाव सोडून उत्तरेकडील कारखान्यांत गेलेला कामगार यांना आपले दुःख चारचौघांत बोलून दाखवणे अवघड होते. गाण्यातील माणूस ते त्यांच्या वतीने बोलत असे. गोष्ट दुसऱ्याची असल्यामुळे रडण्याचा संकोच उरत नसे.

जोन्सचे २०१३ मध्ये निधन झाले. नॅशव्हिल येथील त्याच्या अंत्यविधीत गायक अ‍ॅलन जॅक्सनने हेच गाणे गायिले. जे विकले जाणार नाही असे गायकाला वाटले होते, त्याच गाण्याने त्याला निरोप दिला.