गजकर्णाची ट्यूब आणि रुथेनियम

गजकर्ण झालं की आपल्याकडे आधी दुकानातून ट्यूब येते, डॉक्टर नंतर. ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध असतं, पण बऱ्याचदा सोबत स्टिरॉइडही असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी आत पसरत राहते. औषधांना दाद न देणारा नायटा फोफावायला या घरगुती डॉक्टरकीचा हातभार लागला. त्यातल्या एका बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव मिळालं; टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला ती अनेकदा जुमानत नाही.

बुरशीवर औषधं मुळात थोडी. जीवाणू आपल्यापासून फार वेगळे. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची, त्यामुळे तिच्या पेशीला मारणारं रसायन आपल्याही पेशीला झोंबतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक ज्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी वणवण करत होते, ते औषध १९५० च्या दशकातलं, आणि मूत्रपिंडांना त्रासदायक. नवं सापडेना, म्हणून काही रसायनशास्त्रज्ञ जुन्यालाच धातू जोडून पाहत आहेत.

धातू म्हटलं की काहींना भस्मं आठवतील. त्यांचा इथे संबंध नाही. नाशिकचा द्राक्ष बागायतदार मात्र जरूर आठवावा. द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर तो मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतो; फ्रान्समधल्या बोर्डोच्या मळ्यांतून ते १८८५ मध्ये मिलार्दे यांनी जगापुढे आणलं. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. मग त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवायला हवा. नाहीतर पानं करपतात. किती धातू बांधलेला आणि किती मोकळा, हाच हिशेब औषधातही करावा लागतो.

क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल ही अ‍ॅझोल गटातली बुरशीवरची औषधं. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. ते बनवणाऱ्या एका एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचा अणू बसलेला असतो. अ‍ॅझोलमधला एक नायट्रोजन त्या लोहाला पकडतो आणि एन्झाइम ठप्प होतं. म्हणजे हे औषध मुळातच धातू धरणारं! म्हणून तर तांबं, जस्त, चांदी, सोनं, रुथेनियम त्याला सहज जोडता येतात. पण मेख इथेच आहे. जो नायट्रोजन बुरशीच्या लोहाला धरणार, तोच बाहेरच्या धातूत अडकला तर औषध काम कसं करणार? ते सुटायला हवं, आणि सुटायला हवं पेशीत शिरल्यावर. रक्तातच सुटलं तर सगळा खटाटोप फुकट.

हे जमू शकतं, असं व्हेनेझुएलात दिसलं. रॉबेर्तो सांचेझ-देल्गादो आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात क्लोट्रिमॅझोल रुथेनियमला जोडलं. लक्ष्य बुरशी नव्हती, दक्षिण अमेरिकेतल्या चागास रोगाचा परजीवी होता. त्याचंही एर्गोस्टेरॉलवाचून चालत नाही. जोडरसायन नुसत्या औषधापेक्षा बरंच प्रभावी ठरलं. त्यांचं स्पष्टीकरण असं: औषध आत जाऊन सुटतं आणि एर्गोस्टेरॉलची वाट अडवतं, तर उरलेलं रुथेनियम डीएनएला चिकटतं. दोन ठिकाणी मार बसला की एकाच जनुकातला बदल शत्रूला वाचवायला पुरत नाही. मला या सगळ्या खटपटीतलं हे सर्वांत पटणारं कारण वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘को-अ‍ॅड’ उपक्रमाने जगभरच्या प्रयोगशाळांकडून रसायनं मागवून ती मोफत तपासली. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की ९०६ धातुयुक्त संयुगांपैकी ८८ संयुगं कुठल्या ना कुठल्या जीवाणूवर किंवा बुरशीवर चालली आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींना त्यांनी इजा केली नाही. पुढे बुरशीवरची काही निवडक संयुगं मेणकिड्याच्या अळ्यांना टोचून पाहिली गेली. मधमाशीपालकांचा हा वैरी इथे उपयोगी पडतो, कारण त्याच्या अळ्या ३७ अंश सेल्सिअसला, आपल्या अंगाच्या उष्णतेत, जगतात.

अळीपासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. अ‍ॅझोल आणि धातूचं जोडऔषध माणसांसाठी अजून दुकानात आलेलं नाही. आलंच, तर पहिलं मलमच असेल, गोळी नव्हे, असा माझा अंदाज आहे. कातडीवर सुटलेला धातू मूत्रपिंडांपर्यंत फारसा पोचत नाही. भाजलेल्या जखमेवर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन असंच जन्मलं: जुन्या सल्फा औषधाला १९६० च्या दशकात चांदी जोडून.