अनुभव कुठून आणायचा?

डेटाबेस प्रशासकाची, म्हणजे डीबीएची, जाहिरात उघडली की बहुधा काही वर्षांच्या अनुभवाची अट पुढे येते आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा नवा पदवीधर तिथेच थबकतो. अट जाचक आहे, पण अन्यायाची नाही. प्रोग्रॅम चुकला तर सुधारून पुन्हा चालवता येतो. पुसली गेलेली नोंद मात्र सुधारणेने परत येत नाही. 31 जानेवारी 2017च्या रात्री गिटलॅब कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच व्यवस्था होत्या, वेळेला एकही धड कामी आली नाही. सुमारे सहा तास जुनी एक प्रत सापडली म्हणून निभावले. अनुभवी माणसांच्या घरी ही गत, तर नवख्याच्या हाती मोठा डेटाबेस कोण देईल? पण लहान आणि खऱ्या नोंदींवर हात बसवता येतो, आणि अशा नोंदींची या दोन जिल्ह्यांत ददात नाही.

नोंदीचे मोल या भूमीला नव्याने सांगायला नको. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 1993 ते 1998 या काळात नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग 39 गावांत केला आणि तुलनेसाठी आणखी 47 गावे घेतली. नवजात मृत्यूदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जन्मल्या दिवशीच दगावलेले बाळही कागदावर आले पाहिजे, ही शिस्त नसती तर त्या टक्केवारीला कोणी विचारले नसते. दुसरा दाखला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)चा. वनहक्क कायद्याखाली 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. हक्काबरोबर हिशेब आला. तेंदूपत्ता स्वतः विकणाऱ्या ग्रामसभेला कोणत्या घराने कोणत्या दिवशी किती पुडे आणले, मजुरी किती दिली, बोनस किती निघतो, हे सारे लिहावेच लागते.

हिशेबाची हीच वही पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत उतरवून पाहावी. ती फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. कुटुंबाची नोंद नसताना त्याच्या नावे पुडे चढू नयेत, हे बंधन टेबलातच घालता येते. मजुरी खात्यात चढली पण ग्रामसभेच्या शिलकेतून वजा झाली नाही, अशी अर्धवट नोंद राहू नये म्हणून ट्रान्झॅक्शन लागते. कोणी फक्त पाहावे, कोणी बदलावे, हे परवानग्यांनी ठरते. आणि खरी परीक्षा शेवटी: रोजचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवायचा, मूळ डेटाबेस मुद्दाम पाडायचा आणि तो पुन्हा उभा राहायला किती वेळ लागला ते लिहून ठेवायचे. ज्याने रिस्टोअर करून पाहिला नाही, त्याच्याकडे बॅकअप आहे असे मी मानत नाही. (सरावात माणसांची नावे मात्र काल्पनिकच ठेवावीत.)

यावर म्हटले जाईल की आता क्लाउड सगळे आपोआप करतो. बॅकअप घेणे, सुधारणा चढवणे तो करतो, खरेच. पण किती तासांची नोंद बुडाली तर चालेल, परवानगी कोणाला, क्वेरी रखडली ती कशाने, हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटतो, तिथे सारी भिस्त दूरच्या सर्व्हरवर ठेवणे धाडसाचेच. दुसरा आक्षेप जड आहे: वहीचे काम मुलाखतीत अनुभव म्हणून कोण धरील? सगळे धरणार नाहीत. नोकरीही बहुधा नागपूर-पुण्यालाच मिळेल, आणि पहिली पायरी थेट डीबीएची नसून सपोर्टची किंवा रिपोर्ट काढण्याची असेल. ती कमी लेखू नये. पण नुसते प्रमाणपत्र दाखवणाऱ्यापेक्षा पडलेला डेटाबेस उभा केल्याची तारीखवार टिपणे दाखवणारा उमेदवार उजवा ठरतो.

तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात येतो. दिवाळीपासून हाताशी जवळपास सहा महिने आहेत. गोंडवाना विद्यापीठाच्या संगणक विभागांनी जवळच्या ग्रामसभांची संमती घेऊन विद्यार्थ्यांचे प्रकल्प या हिशेबांवर लावावेत; पहिल्या हंगामात कागदी वही मात्र बंद करू नये.