ज्ञानकोशातील जागा आणि सरकारी खुर्ची

ज्ञानकोशात कोणाला स्थान द्यावे आणि कोणाला देऊ नये, हा प्रश्न ज्ञानकोशांइतकाच जुना आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले; सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन अशा तीन भागांत भारतवर्षीय चरित्रकोश रचला; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली वाचकांच्या हाती आला. निवडीचा प्रश्न या सर्वांपुढे होताच. परंतु निर्णयाचा अधिकार संपादकाचा होता आणि कागदाची मर्यादा त्याच्या मदतीला होती. ‘जागा नाही’ एवढे उत्तर पुष्कळदा पुरत असे.

२००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने ही व्यवस्था पार बदलून टाकली. १ मे २००३ पासून मराठीतही अवतरलेल्या या ज्ञानकोशाला ना कागदाची अडचण आहे, ना एकच एक संपादक. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, आणि एखादा लेख ठेवावा की काढावा याविषयी मतभेद झाल्यास सर्वांसमक्ष वाद करून निर्णय घ्यावा, अशी तेथील रीत आहे. इंग्रजी आवृत्तीत अशी चर्चा साधारणपणे सात दिवस चालते. त्यात नुसती मते मोजली जात नाहीत. कोणाच्या म्हणण्याला नियमांचा आणि पुराव्याचा आधार आहे, हे पाहिले जाते. अशा चर्चांत वारंवार उपस्थित होणारा आणि वरकरणी क्षुल्लक वाटणारा एक प्रश्न म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा. एखाद्या जिल्हाधिकाऱ्याचे, सचिवाचे किंवा पोलीस आयुक्ताचे चरित्र ज्ञानकोशात असावे काय?

इंग्रजी विकिपीडियाचा नियम पाहिला तर त्यात एक भेद स्पष्ट दिसतो. देशाच्या किंवा राज्याच्या पातळीवरचे राजकीय पद भूषविलेली व्यक्ती अथवा विधिमंडळाचा सदस्य हा चरित्रलेखास पात्र असावा, असे तेथे गृहीत धरले जाते. सनदी अधिकाऱ्यासाठी अशी सवलत नाही. त्याला इतर सर्वांना लागू असणारी सर्वसाधारण कसोटीच लागू होते. त्या व्यक्तीविषयी तिच्याशी संबंध नसलेल्या विश्वसनीय साधनांनी पुरेशा विस्ताराने लिहिलेले असले पाहिजे, ही ती कसोटी. एखाद्या आमदाराला सहज स्थान मिळावे आणि सबंध जिल्ह्याचा कारभार हाकणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र पुरावे मागावेत, हे अनेकांना अन्यायाचे वाटते. तथापि या भेदामागे विचार आहे. लोकप्रतिनिधी मते मागतो, निवडणूक लढवितो, सभागृहात बोलतो. त्याच्या सार्वजनिक जीवनाची नोंद अनेक ठिकाणी आपोआप होत असते. अधिकारी बदलीने येतो आणि बदलीने जातो. खुर्ची कायम असते, माणूस बदलतो. खुर्चीची माहिती खुर्चीच्या लेखात द्यावी. माणसाचे चरित्र लिहायचे तर त्या माणसाने त्या खुर्चीत बसून काय केले, हे कोणीतरी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

येथेच खरी अडचण सुरू होते. अधिकाऱ्यांविषयी कागद थोडे नसतात. पण त्यांतील बहुतेक कागद या कसोटीला उतरत नाहीत. राजपत्रातील नेमणुकीची अधिसूचना खरी असते. परंतु तिच्यावरून अमुक दिवशी अमुक जागी नेमणूक झाली एवढेच कळते. खात्याच्या संकेतस्थळावरील परिचय खात्यानेच लिहिलेला असतो. माहिती कार्यालयाने धाडलेले पत्रक दहा वृत्तपत्रांनी छापले, तरी ती दहा साधने होत नाहीत. ते एकाच पत्रकाचे दहा ठसे होत. मुलाखतीत अधिकारी स्वतःविषयी स्वतःच बोलत असतो. उद्घाटनांच्या, सत्कारांच्या आणि बदल्यांच्या बातम्यांत नाव असते, माणूस नसतो. ही चाळणी लावल्यावर जे उरेल, त्याच्या बळावरच चरित्र उभे राहिले पाहिजे.

ही चाळणी फार बारीक आहे, अशी तक्रार होते. जागा अमर्याद असताना चार ओळी अधिक राहिल्या तर काय बिघडले, असेही विचारले जाते. बिघडते ते दोन प्रकारांनी. पहिला प्रकार जाहिरातबाजीचा. ज्ञानकोशातील लेख ही प्रतिष्ठेची खूण झाली की ती विकत घेणारे आणि विकणारे दोघेही निर्माण होतात. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली आणि २१० लेख काढून टाकले. नाकारले गेलेले लेख प्रसिद्ध करून देतो, असे सांगून पैसे उकळण्याचा उद्योग या खात्यांमागून चालला होता.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. ज्या लेखाकडे जाणत्यांचे लक्ष नाही, तो लेख त्या व्यक्तीलाच घातक ठरू शकतो. अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेनथॅलर हे साठीच्या दशकाच्या आरंभी ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक होते. २००५ साली त्यांच्या चरित्रात कोणा अनामिकाने केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा निव्वळ खोटा मजकूर घातला आणि तो चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. हयात व्यक्तींविषयी लिहिताना अधिक कडक दक्षता घेण्याची गरज या प्रकरणाने सर्वांना पटली. अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा असतो. तीस वर्षांच्या नोकरीत एकदा झालेली चौकशी किंवा एकदा झालेला वाद तेवढाच छापून आलेला असला, तर त्याचे ज्ञानकोशातील ‘चरित्र’ म्हणजे तो वादच होऊन बसतो. पुढे ती चौकशी निष्फळ ठरल्याची बातमी कोणी छापत नाही. अपुरे चरित्र हे पुष्कळदा अन्यायाचे चरित्र असते.

म्हणून कसोटी कडक असावी, हे मान्य केले पाहिजे. पण कडक कसोटी निर्दोष असते, असे नाही. नोकरशाहीच्या बाबतीत तिचा दोष फार खोल जातो. कारण उत्तम अधिकाऱ्याने पडद्यामागे राहावे, हाच संसदीय राज्यपद्धतीतील संकेत आहे. श्रेय मंत्र्याचे, जबाबदारीही मंत्र्याची. अधिकाऱ्याने फायलीवर आपले मत लिहावे आणि गप्प राहावे. ज्याने हा धर्म निष्ठेने पाळला, त्याच्याविषयी छापलेला मजकूर सापडणार कोठून? आणि ज्याने छायाचित्रकार बरोबर घेऊन धाडी घातल्या, त्याच्या कात्रणांचा ढीग मात्र सहज सापडतो. प्रसिद्धी आणि कर्तृत्व या दोन वस्तू भिन्न आहेत. ही कसोटी मोजते ती प्रसिद्धी.

निवडणूक आयोगाचीच दोन उदाहरणे घेता येतील. टी. एन. शेषन १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि त्या काळात त्यांचे नाव घरोघरी पोचले. त्यांच्या चरित्राच्या पात्रतेविषयी कोणी शंका घेणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या यंत्रणेला त्यांनी धार लावली, ती उभी केली सुकुमार सेन यांनी. १९५० साली सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते १७ कोटींहून अधिक, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. अशी सुमारे २८ लाख नावे वगळण्याचा कटू निर्णय घ्यावा लागला. पुढच्या निवडणुकीपर्यंत स्त्रियांनी स्वतःच्या नावाने नोंद करावी, यासाठी प्रयत्न झाले. एवढे कार्य करणाऱ्या या माणसाने आठवणींचे पुस्तक मागे ठेवले नाही. सेन यांना ज्ञानकोशात स्थान आहे, ते इतिहासकारांनी त्या निवडणुकीविषयी लिहिले म्हणून.

व्ही. पी. मेनन यांची कथाही बोधप्रद आहे. कारकून म्हणून सरकारी नोकरीत शिरलेला हा माणूस संस्थान खात्याचा सचिव झाला आणि सरदार पटेलांच्या बरोबरीने संस्थानांच्या विलीनीकरणात राबला. १९५६ साली त्यांनी त्या विलीनीकरणाचा इतिहास स्वतः लिहिला. पण त्यांचे विस्तृत चरित्र नारायणी बसू यांनी लिहिले ते २०२० साली. कर्तृत्व आणि त्याचा लेखी पुरावा यांत कधीकधी अर्ध्या शतकाहून अधिक अंतर पडते, ते असे.

उलट, पद लहान असूनही स्थान मिळाल्याची उदाहरणे आहेत. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील एक अभियंता. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील भ्रष्टाचाराविषयी त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळविले आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. अशा तक्रारदारांच्या संरक्षणाची व्यवस्था २००४ साली सरकारी ठरावाने झाली आणि २०१४ साली कायदाही संमत झाला. त्यांच्या लेखाची पात्रता ठरविताना त्यांची श्रेणी कोणी विचारत नाही. याचा अर्थ उघड आहे. पदाने दार उघडत नाही, तसे ते बंदही होत नाही.

तेव्हा अधिकाऱ्याचा लेख ठेवावा की काढावा, हे ठरविताना ‘हा माणूस मोठा आहे काय’ हा प्रश्नच अप्रस्तुत आहे. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार ज्ञानकोशाला नाही. ‘या माणसाविषयी पडताळून पाहता येईल असे, त्याच्याशी संबंध नसलेल्यांनी, पुरेसे लिहिले आहे काय’ एवढाच प्रश्न त्याने विचारावा. उत्तर नकारार्थी असेल तर लेख काढावा. पण तो काढणे म्हणजे त्या माणसाच्या सेवेवरील निकाल नव्हे, हेही लक्षात ठेवावे. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा पुरेशा आधाराअभावी मे २०१८ मध्ये नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यावरून ज्ञानकोशाला दोष देणे सोपे होते. पण त्यांच्या संशोधनाची दखल घेऊन त्यांच्याविषयी कोणी पुरेसे लिहिले नव्हते, हे त्याहून मोठे सत्य होते.

आपल्याकडेही उणीव आहे ती तेथेच. दुष्काळात चारा आणि पाणी वेळेवर पोचविणारा तहसीलदार, धरणग्रस्तांचे पुनर्वसन तडीस नेणारा उपजिल्हाधिकारी, खेड्यातील शाळांची घडी बसविणारा शिक्षणाधिकारी यांचे काम लोकांच्या तोंडी एक पिढी राहते आणि मग पुसले जाते. जिल्ह्याची वृत्तपत्रे सत्काराच्या बातमीऐवजी कामाचा हिशेब छापतील, निवृत्त अधिकारी आठवणी लिहितील आणि दुसरे कोणी त्या आठवणी कागदपत्रांशी ताडून पाहतील, महाविद्यालयांतील विद्यार्थी आपल्या तालुक्याच्या प्रशासनाचा इतिहास प्रबंधाचा विषय म्हणून घेतील, तर ज्ञानकोशापुढचा हा वाद पुष्कळ सोपा होईल. ज्ञानकोश हा शेवटचा लेखक असतो, पहिला नव्हे. पहिल्याने लिहिलेच नाही, तर शेवटच्याने काय लिहावे?